पेटी क्रमांक सतरामधले चार मीटर

गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गुन्हेगाराने गुन्हा कबूल केला. समितीसमोर, खुर्चीत बसून, बिस्किट चहात बुडवता बुडवता. कबुली इतकी स्वच्छ होती की कोणाला दुसऱ्यांदा विचारावंच लागलं नाही.

बैठकीच्या इतिवृत्तात याचा उल्लेख नाही. जे इतिवृत्तात नाही ते घडलं नाही, या एका मुद्द्यावर तिन्ही विद्यापीठांचं आजवर एकमत आहे. तेव्हा आपणही तसं काही घडलंच नाही असं धरू आणि सोमवारी सकाळपासून सुरुवात करू. त्या वेळी बाईंचा पहिला चहासुद्धा झालेला नव्हता.

१

बाई जीवाश्म शिकवायच्या. दोन विद्यार्थ्यांना. त्यांतला एक यायचा.

तीन विद्यापीठांत तीन भूविज्ञान विभाग होते आणि तिन्ही शेवटच्या घटका मोजत होते. एकाकडे दगड होते पण ठेवायला जागा नव्हती, दुसऱ्याकडे जागा होती पण सूक्ष्मदर्शक नव्हता, तिसऱ्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि त्यावर टाकायला कापड होतं. मग वर कुणीतरी ठरवलं की तीन अर्धमेले एकमेकांना बांधले की एक धडधाकट तयार होतो. त्यातून सामायिक भूविज्ञान केंद्र निघालं. समन्वयक कोण, याचं मतदान झालं तेव्हा बाई दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून बसल्या होत्या. त्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली. दात गेला, पद राहिलं.

केंद्राचे प्रमुख म्हणजे संयुक्त सर. ते उपग्रहाने काढलेली छायाचित्रं वाचायचे. दगडाला त्यांचा हात शेवटचा कधी लागला हे त्यांना आठवत नव्हतं आणि दगडालाही. नुकतेच ते पाच दिवसांच्या नेतृत्व शिबिराला जाऊन आले होते आणि तेव्हापासून फार नम्र झाले होते. सोसवत नाही इतके.

"मॅडम, चोरी झालीय," संयुक्त सर भांडाराच्या दारात उभे राहून म्हणाले. "सतरा नंबर."

भांडारात कोअरच्या पेट्या होत्या. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे लांबलचक दांडे, चार-चार ओळींत मांडून ठेवलेले. तीस पेट्या, तीनशे मीटर खोलीपर्यंतच्या जमिनीचे निवडक तुकडे, शाळेच्या वह्यांसारखे ओळीने लावलेले. गुरुवारी केंद्राची पुढची मुदत ठरवायला पाहणी समिती येणार होती आणि तिला नेमकी सतरा नंबरची पेटी बघायची होती.

बाईंनी झाकण उचललं. आत दगड नव्हता. किती मीटरवरचा तुकडा ते लिहिलेले लाकडी ठोकळे मात्र आपापल्या जागी होते. ठोकळ्यांच्या मध्ये, ओळीने, कमीजास्त अंतरावर, कापलेल्या नखांएवढ्या करड्या चिकणमातीच्या चकत्या पडल्या होत्या. बाकी काही नाही.

"कोणी नेलं ते मला ठाऊक आहे," संयुक्त सर दुःखाने म्हणाले. "काल दुपारी वस्तराकाका जड पिशवी घेऊन फाटकातून जाताना मी स्वतः पाहिले. मला कुणावर आरोप करायचा नाही. तुम्ही चौकशी करा. गुरुवारी समितीसमोर तुमचा अहवाल, आणि शुक्रवारपासून त्यांनी येऊ नये. कंत्राटी माणूस आहे, फार लिहापढी लागणार नाही."

मग त्यांनी खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढून बाईंच्या हातावर ठेवली. 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.'

"रोज पाच जणांना द्यायच्या असतात," सर म्हणाले. "शिबिरात सांगितलंय."

२

वस्तराकाका भांडाराच्या एका कोपऱ्यात बसून दगडाचे काप करायचे. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि लोखंडी पाटीवरच्या ओल्या, खरखरीत पुडीवर घासत राहायचं, ती इतकी पातळ होईपर्यंत की दगडातून उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो दगड काय काय भोगून आलाय ते दिसतं. तिन्ही विद्यापीठांत हे येणारा आता हा एकच माणूस उरला होता. बावीस वर्षं तो हंगामी होता. हंगाम कोणता, हे कधी ठरलं नाही.

बाई विद्यार्थिनी असताना काकांनी त्यांना पहिला काप करायला शिकवला होता. बाईंनी तो फोडला होता. दुसराही.

"काका, काल रविवारी तुम्ही इथे होता?"

"होतो की." काकांचा हात थांबला नाही. "दारात बसलो होतो. सव्वादहाला आलो, साडेबाराला कंटाळून गेलो. पोरांचे काप अडलेत, तीन विभागांची रांग आहे. कोणीतरी येईल, दार उघडेल, म्हणून वाट बघितली. कोणी फिरकलं नाही."

"आणि पिशवीत काय होतं?"

"घासायच्या लोखंडी पाट्या. गुळगुळीत झाल्यात, घासून आणायच्या म्हणून शनिवारीच बाहेर काढून ठेवल्या होत्या. बघायच्यात?"

"नको." बाई स्टुलावर बसल्या. खरं तर त्या महिनाभर बसल्याच नव्हत्या असं त्यांच्या पाठीला वाटलं. "सतरा नंबरमध्ये काय होतं हो? यादीत नुसतं 'इतर' लिहिलंय."

"तीन याद्यांची एक यादी केली ना, तेव्हा ज्याचं नाव कोणाच्याच रकान्यात बसेना त्याला 'इतर' केलं. मला नाव नाही माहीत, बाई. मी दगडाला हाताने ओळखतो. एवढं आठवतं की त्याचा काप मला तेलात करायला लावला होता. बाकी सगळ्यांचे पाण्यात."

बाईंनी ते वहीत लिहिलं आणि लिहिल्यासरशी विसरल्या. त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं.

"दारात का बसलात? अंगठा लावून आत जायचं."

काकांनी हात पुसला, उठले, भांडाराच्या दाराशी गेले आणि कुलपाच्या काचेवर अंगठा टेकवला. कुलूप कुरकुरलं. पडद्यावर अक्षरं आली. 'अनोळखी व्यक्ती'.

"बावीस वर्षं घासतोय," काका म्हणाले. "दगडाबरोबर मीही थोडा थोडा गेलो. रेषाच नाहीत बोटांना."

बाईंनी त्यांचा अंगठा उजेडात धरून पाहिला. काचेच्या गोटीसारखा साफ.

"अहो, मग सुटलात तुम्ही. ज्याच्या अंगठ्याने दारच उघडत नाही तो चोरी कशी करेल? आत्ता लिहून देते मी सरांना."

"नका लिहू," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली गेला. "हजेरीचं यंत्र याच कंपनीचं आहे, बाई. चौदा महिने झाले बसवून."

३

चौदा महिने वस्तराकाका कागदोपत्री एक दिवसही कामावर आले नव्हते. कार्यालयातला लिपिक रोज त्यांच्या नावापुढे 'यंत्रात बिघाड' असं हाताने लिहायचा आणि वरच्याला अजून ते दिसलं नव्हतं. अंगठा दाखवून काकांना चोरीतून सोडवलं की काका गैरहजेरीत अडकणार, आणि सोबत तो लिपिकही. म्हणजे निर्दोष ठरवायचा एकच सोपा रस्ता होता आणि तो थेट घरी जाणारा होता.

बाईंना दुसरा रस्ता शोधणं भाग होतं. त्याला चोर लागतो.

कुलपाची नोंद त्यांनी गुपचूप मागवली. रविवारी दार दोनदा उघडलं होतं. सकाळी सात वाजता 'अधिकृत व्यक्ती'. दुपारी साडेबाराला 'अधिकृत व्यक्ती'. यंत्र नाव सांगत नव्हतं, नाव सांगणारं यंत्र निविदेत बसलं नव्हतं. अधिकृत व्यक्ती एकोणीस.

त्यांतले पहिले होते भूकंपवाले सर. सतरा नंबरची पेटी मूळ त्यांच्या विभागाची. दार जोरात लागलं की ते घड्याळात वेळ बघायचे.

"ती पेटी म्हणजे आमच्या विभागाचा आत्मा होता, बाई," ते म्हणाले.

"आत्म्यात काय होतं?"

"म्हणजे?"

"कोणता दगड होता?"

भूकंपवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आमच्या सरांनी मला सांगितलं होतं, ही पेटी जप. मी जपली. जपायची म्हणजे उघडायची नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती ती. मी कशाला सोडू?"

"प्लास्टिक आत्ता नाहीये."

"मग पाणीवालीला विचारा. तिला ती खोली हवीय. माझ्या आत्म्यावर तिला बाटल्या ठेवायच्यात."

पाणीवाल्या मॅडम भूजल शिकवायच्या. त्यांच्या टेबलावर चारशे विहिरींचं पाणी चारशे बाटल्यांत उभं होतं आणि मॅडम त्यांच्यामागून फक्त चष्म्यापासून वर दिसत होत्या.

"मला खोली हवीय, हे मी लेखी दिलंय," त्या म्हणाल्या. "चोरी करायची असती तर अर्ज कशाला केला असता? त्या भूकंपवाल्याला म्हणावं, तुझा आत्मा मी नेला असता तर तुला अजून पाच वर्षं पत्ता लागला नसता. आणि चोरीचंच म्हणाल तर माझा पाईप गेला होता."

"कसला पाईप?"

"रबरी. वीस फुटी. शनिवारी संध्याकाळी होता. सोमवारी बघते तर आहे, पण मी कधी ठेवत नाही असा, छान गोल गुंडाळून. आणि त्यावर ही चिकटवलेली."

त्यांनी बाटल्यांवरून हात लांब केला. हातात पिवळी चिठ्ठी होती. 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.'

४

"मेलं कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. दगड हरवलाय."

"कुणाच्या डोक्यात घातला का?"

"नाही हो आई. नुसता हरवलाय."

सासूबाई दूरदर्शनवर रोज एक खून बघायच्या. त्यांनी सुनेकडे अत्यंत करुणेने पाहिलं. एवढी शिकली आणि हिच्या वाट्याला खूनही येऊ नये. "मग जो सगळ्यात जास्त मदत करतोय त्याला धर," त्या म्हणाल्या आणि पोळीचा पुढचा घास घेतला. "आणि जेव आधी. तुझं तोंड बघ, त्या दगडासारखं झालंय."

बाई जेवल्या. चिठ्ठी कोणाची हे त्यांना कळलं होतं. पण पाईप नेणं हा काही गुन्हा नव्हे, आणि संयुक्त सर चार मीटर दगड कशाला चोरतील? दगड असतो कसा हे बघायला? शिवाय चोरी झाल्याची बोंब त्यांनीच मारली होती.

बुधवारी सकाळी त्या पुन्हा भांडारात गेल्या. दार त्यांनी अंगठ्याने उघडलं, काका मागून आत आले आणि रोजच्यासारखे आपल्या पाट्यांकडे वळले. बाई पेट्यांच्या रांगेपुढे उभ्या राहिल्या. थकल्या डोळ्यांना कधी कधी मोठ्या गोष्टी आधी दिसतात, बारकावे शोधायची ताकदच नसते म्हणून. एक ते सोळा पेट्या चकचकीत होत्या. अठरापासून तीसपर्यंत बोटभर धूळ.

सतरा नंबरपर्यंत कोणीतरी धूत आलं होतं. आणि मग थांबलं होतं.

कोअर ओला करून बघणं यात नवल काहीच नाही. ओल्या दगडाचे रंग उठून दिसतात. पाहुणे येणार म्हटल्यावर दगडवाले दगडाचं तोंड धुतात, जसं लोक पोरांचं धुतात. पण सतराव्या पेटीत धुवायला काही उरलंच नव्हतं. फक्त ठोकळे आणि त्या करड्या चकत्या.

बाई खाली वाकल्या. चकत्या जशाच्या तशा क्रमात होत्या. दोन बोटांवर एक, मग वीतभर मोकळं, मग लागोपाठ तीन. एखाद्या चोराने चार मीटर दगड नेला, घरी बसून त्यातले मातीचे पातळ थर सोडवले आणि परत येऊन ज्या त्या जागी मांडून ठेवले? इतका प्रामाणिक चोर मिळाला असता तर त्यांनी त्याला विभागप्रमुख केलं असतं.

तेवढ्यात 'तेलात' हा शब्द, परवा वहीत लिहिलेला, त्यांच्या डोक्यात उशिरा येऊन पोचला.

"काका," त्या म्हणाल्या, "एखाद्या दगडाचा काप पाण्यात का करत नाहीत?"

"पाण्यात राहत नसेल म्हणून."

भूविज्ञान शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. दगड ओळखता आला नाही की तो जिभेला लावतो. चारचौघांत लाज वाटते म्हणून हे पाठ्यपुस्तकात नसतं. बाईंनी पेटीच्या कोपऱ्यातला पांढरा पापुद्रा बोटावर घेतला, दाराकडे एकदा पाहिलं आणि जीभ लावली.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"मीठ," बाई म्हणाल्या. "चार मीटर मीठ होतं, काका. दोनशे मीटर खाली अख्खा समुद्र आटून बसला होता. त्याला कोणीतरी आंघोळ घातली."

५

गुरुवारी समिती आली. तीन सदस्य आणि एक अध्यक्ष मॅडम, ज्या खनिजांतल्या होत्या आणि ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा विनाकारण हलत नव्हती. वस्तराकाकांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. ते नोकरीवरून जायला निघालेल्या माणसासारखे बसले होते.

कुलपाची नोंद बाईंच्या पर्समध्ये होती आणि ती तिथेच राहणार होती. अंगठ्याचा विषय न काढता काकांना सोडवायचं होतं. म्हणजे सरांच्याच तोंडून सगळं यायला हवं होतं.

"सर, नेतृत्व शिबिरात काय काय शिकवलं, ते समितीला सांगाल का?" बाईंनी विचारलं.

भूकंपवाल्यांनी कपाळाला हात लावला. संयुक्त सर मात्र फुलले.

"सात सवयी होत्या. आभार मानणं ही पाचवी. मला भिडली ती तिसरी. नेत्याने आठवड्यातून एक हलकं काम स्वतःच्या हाताने करावं आणि त्याची वाच्यता करू नये."

"या आठवड्यात कोणतं केलंत?"

"वाच्यता करायची नसते, मॅडम."

"समितीला आवडेल ऐकायला."

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी किंचित मान हलवली. सरांनी बिस्किट चहात बुडवलं.

"रविवारी सकाळी मी सगळा कोअर धुवायला घेतला. एकट्याने. सोळा पेट्या हाताने पुसल्या. सतरावी सगळ्यात मळकी दिसली, प्लास्टिकमध्ये बांधलेली, म्हणून म्हटलं जरा भिजू दे. मोरीवर तिरकी ठेवली, पाईपची बारीक धार लावली आणि बाहेर गेलो. आमच्या शिबिराच्या गटाचा दहा वाजता कॉल असतो. अडीच तासांनी परत येतो तर काय, पेटी रिकामी." ते हळहळले. "आणि पाणी तसंच चालू. चोराला पाण्याचंही काही वाटलं नाही."

पाणीवाल्या मॅडमनी चष्मा काढला. भूकंपवाल्यांनी घड्याळात वेळ बघितली. बारा वाजून दहा मिनिटं.

"सर," बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "सतरा नंबरमध्ये मीठ होतं."

संयुक्त सरांच्या हातातलं बिस्किट तुटून चहात पडलं. ते कपात बराच वेळ बघत राहिले. तिथे आता काहीच दिसत नव्हतं.

"म्हणजे चोर नव्हता," ते शेवटी म्हणाले.

"नव्हता."

"पुढचा विषय," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या.

इतिवृत्तात सहावा मुद्दा असा आला: 'पेटी क्र. १७ मधील नमुना परिस्थितीजन्य कारणाने उपलब्ध नाही. केंद्रातील नेतृत्व सक्रिय असल्याचे समितीने नमूद केले.' केंद्राला आणखी तीन वर्षं मिळाली. चोरीच नाही म्हटल्यावर वस्तराकाकांवर आरोपही उरला नाही. ते उठले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि कापांची रांग पुढे ओढायला गेले.

बाईंना वाटलं, आता घरी जाऊन झोपावं. शनिवारपर्यंत.

६

संयुक्त सरांचं मन मात्र फार चांगलं होतं, आणि तीच अडचण होती. झाल्या प्रकाराने ते रात्रभर जागे राहिले आणि त्यांना सहावी सवय आठवली, पारदर्शकता. शुक्रवारी सकाळी त्यांनी केंद्रातल्या कुलपांच्या आणि हजेरीच्या सगळ्या यंत्रांची चौदा महिन्यांची नोंद काढून घेतली आणि तिन्ही विद्यापीठांना पाठवून दिली. सोबत लिहिलं, 'आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.'

दहा दिवसांनी उत्तर आलं. ते बाईंच्या टेबलावर ठेवून वस्तराकाका समोर उभे राहिले. त्यांच्या कोपरापर्यंत दगडाचा गाळ होता.

"वाचून दाखवा," ते म्हणाले. "चष्मा तिकडे राहिलाय."

चष्मा त्यांच्या खिशातच होता. बाईंनी वाचून दाखवलं. चौदा महिने विनापरवानगी गैरहजर असल्याबद्दल खुलासा द्यावा, अन्यथा सेवा संपुष्टात आल्याचे समजावे.

"मी काय खुलासा देऊ?" काका म्हणाले. "इथे होतो, हा काय खुलासा झाला?"

"बसा."

"कपडे खराब आहेत."

"बसा हो काका. त्या खुर्चीचं काय नवीन व्हायचं राहिलंय."

ते बसले. बाईंनी कागद ओढला. भूकंपवाले आणि पाणीवाल्या मॅडम, दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकाच कागदावर सही केली. संयुक्त सरांनीही केली आणि सोबत पिवळी चिठ्ठी दिली. ती बाईंनी जोडली नाही.

प्रति,
मा. कुलसचिव, तिन्ही विद्यापीठे (योग्य मार्गाने)

विषय: हजर असलेल्या व्यक्तीस हजर मानण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी नम्र निवेदन करण्यात येते की, सामायिक भूविज्ञान केंद्रातील काप-कारागीर गेली बावीस वर्षे कामावर आहेत. कामामुळे त्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या असून यंत्र त्यांना ओळखत नाही. तिन्ही विभाग ओळखतात. करिता त्यांना मागील तारखेपासून हजर मानण्यात येऊन त्यांचे पद कायम करण्यात यावे.

पुरावा म्हणून सदर चौदा महिन्यांत त्यांनी स्वहस्ते केलेले एक हजार एकशे बारा काप अर्जासोबत मूळ प्रतीत जोडले आहेत. प्रत्येक काप काचेवरचा असून केसापेक्षा पातळ आहे. तरी आवक विभागाने प्रत्येकावर पोचशिक्का मारताना कृपया हलक्या हाताने मारावा, ही विनंती.